घरच्या घरी एस्केप रूम : पन्हाळ्याच्या वेढ्यातून सुटकेची कोडी कशी रचायची

घरी मुलांसाठी एस्केप रूम, म्हणजे ठरलेल्या वेळेत कोडी सोडवून कुलपं उघडायचा खेळ, करायची म्हटली की मोठी माणसं आधी कोडी अवघड करायला बसतात. आठ-दहा वर्षांची मुलं मात्र अवघडपणापाशी क्वचितच अडकतात. हातात आलेल्या चिठ्ठीचं करायचं काय हे कळत नाही, किंवा उत्तर मिळूनही ते कुठल्या कुलपाचं हे समजत नाही, तिथं खरा खोळंबा होतो. म्हणून प्रत्येक कोड्याला तीन प्रश्न लावा. हे कोडं आहे हे मुलांना दिसतंय का? उत्तर बरोबर आलं हे त्यांचं त्यांना कळतंय का? आणि ते उत्तर कुठं लावायचं हे स्पष्ट आहे का? यातलं एक जरी नीट जमलं नाही, तरी सोपं कोडंसुद्धा वीस मिनिटं खातं.

पुढचा आराखडा ८ ते ११ वर्षांच्या सहा मुलांसाठी आहे. वेळ ४५ मिनिटं, जागा एक हॉल आणि गॅलरी किंवा अंगण. विकत आणायच्या गोष्टी फार नाहीत: तीन आकडी नंबरची तीन कुलपं, एक साधं किल्लीचं कुलूप, ५० मिमीच्या पीव्हीसी पाईपचा दीड फुटी तुकडा, त्याचं टोपण, सोल्युशनची लहान डबी आणि टेबल टेनिसचा एक चेंडू. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत एक चक्कर मारली की यातलं बहुतेक मिळतं. बाकीचं सामान घरातलंच.

विषय

कोल्हापूरकरांना विषयासाठी लांब जायला नको. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० चा जुलै, आषाढातली पौर्णिमेची रात्र, पन्हाळ्यावरून निसटून विशाळगड गाठायचा. सुटकेची याहून मोठी गोष्ट आपल्या भागात दुसरी नाही, आणि ती मुलांना आधीच माहीत असते. त्यामुळे सुरुवातीचं लांबलचक निवेदन टळतं. ‘तुम्ही मावळे आहात, महाराज विशाळगडाकडे निघाले आहेत, मागून निघणाऱ्या तुकडीची रसद आणि खलिता या ट्रंकेत आहे, ४५ मिनिटांत ती उघडा’ एवढं पुरतं. हॉलचे तीन कोपरे आणि गॅलरी किंवा अंगण म्हणजे गडावरच्या चार जागा: तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी आणि अंधारबाव ही विहीर. कार्डशीटवर मोठ्या अक्षरांत नावं लिहून भिंतीला लावली की सजावट झाली.

दोन गोष्टी आधीच ठरवून टाका. महाराजांचं चित्र कापून त्याचे तुकडे जोडायला देऊ नका. चित्राचं कोडं हवंच असेल तर गडाचा नकाशा कापा. दुसरं, दाराला कडी लावायची नाही. खेळ ट्रंक उघडण्याचा ठेवा. खोलीत कोंडलेलं लहान मूल घाबरतं, आणि एक रडायला लागलं की पाचही जणांचा खेळ संपतो.

आराखडा शेवटाकडून सुरू करा

एका मोठ्या कागदावर सगळ्यात खाली ट्रंक काढा आणि वर वर जा. पत्र्याच्या ट्रंकेला दोन कड्या असतात, त्याचा फायदा घ्यायचा. एका कडीला नंबरचं कुलूप, दुसरीला किल्लीचं. किल्ली अंधारबावेत. नंबरचे तीन आकडे तीन रंगीत चकत्यांवर, आणि प्रत्येक चकतीकडे जाणारी वाट वेगळी: लाल, पिवळी, हिरवी. सुरुवातीला तीन रंगांच्या तीन थैल्या द्यायच्या आणि मुलांच्या दोन-दोनच्या जोड्या करायच्या.

तीन वाटा करण्यामागं कारण आहे. सगळी कोडी एका ओळीत लावली तर वाचायला पटाईत असलेलं एक मूल चिठ्ठी धरतं आणि उरलेली पाच त्याच्या खांद्यावरून डोकावतात. दहा मिनिटांनी त्यातली दोघं सोफ्यावर उड्या मारत असतात. वाटा वेगळ्या असल्या की प्रत्येकाच्या हाताला काम राहतं आणि शेवटी अंधारबावेपाशी सगळे एकत्र येतात. त्या कोड्याला तर सहाही जणांचे हात लागतात.

कागदावर प्रत्येक कोड्यासाठी चार गोष्टी लिहा: हातात काय येतं, त्याचं काय करायचं, उत्तर कुठं लावायचं, आणि उघडल्यावर आत काय मिळतं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ते कोडं काढून टाका. आणि वरून खाली बोट फिरवत जाताना एखादी वस्तू लागायच्या आधीच बंद कुलपामागं गेलेली आढळली, तर आत्ताच सुधारा. किल्ली तिच्याच पेटीत अडकण्याचा प्रकार कागदावर सहज सापडतो, खेळाच्या दिवशी सापडत नाही.

कुलपांविषयी थोडं जास्त

तीन आकडी कुलपाच्या १००० जुळण्या होतात. एका जुळणीला दोन सेकंद धरले तरी सगळ्या करून बघायला अर्ध्या तासावर वेळ जातो, त्यामुळे आंधळेपणानं कुणी उघडत नाही. पण दोन आकडे कळले की तिसऱ्यासाठी दहाच प्रयत्न लागतात, आणि तीन वेगवेगळे आकडे कळले पण क्रम कळला नाही तर सहाच. मुलं हे लगेच ओळखतात. त्यात गैर काही नाही, फक्त ज्या कोड्यावर तुम्ही दोन तास घालवलेत त्याचं उत्तर अशा पळवाटेनं निघू नये एवढं बघा.

१६६० हा आकडा किंवा त्याचे तुकडे कुठंही वापरू नका. विषय ऐकल्याबरोबर पहिला प्रयत्न तोच होतो. वाढदिवसाची तारीख, घराचा नंबर, १२३, ७८६ हेही नकोत.

आकडे लिहिताना एक घोटाळा हमखास होतो. कुलपावर इंग्रजी आकडे असतात आणि आपण चिठ्ठीवर मराठी लिहितो. मराठी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो आणि मराठी चार घाईत इंग्रजी आठ वाटतो. म्हणून चकत्यांवर आणि थैल्यांवर कुलपावर आहेत तसलेच आकडे लिहा. इंग्रजी सहा आणि नऊ गोल चकतीवर उलटे-सुलटे होतात, ते टाळाच. पुढच्या सगळ्या उत्तरांत सहा आणि नऊ नाहीत, ते याचसाठी.

नवीन कुलूप बहुधा तीन शून्यांवर उघडतं. नंबर बदलायची रीत कुलपागणिक वेगळी असते. कुठं उघडलेली कडी चतुर्थांश फिरवून खाली दाबायची असते, कुठं बाजूची छोटी खिटी सरकवायची असते. पाकिटावरची सूचना टाकून देऊ नका. नंबर बसवला की कुलूप उघडं असतानाच तो दोनदा लावून बघा आणि मग बंद करा. स्वस्त कुलपांपैकी काही शेजारच्या आकड्यावरही उघडतात, तीही तपासणी करा. ३८५ च्या कुलपावर ३८४ आणि ३८६ लावून ओढून पाहा. उघडलं तर ते कुलूप ट्रंकेला लावू नका. खेळ चालू असताना उघडलेलं कुलूप लगेच आपल्याकडे घ्या, कारण मुलांच्या हातात चाळा म्हणून नंबर बदलला जातो आणि मग ते कुणालाच उघडत नाही.

कुलूप लावायला पेटीच लागते असं नाही. दोन चेन असलेलं दप्तर किंवा कंपासची पाऊच घ्या आणि दोन्ही चेनच्या टोकांतल्या भोकांतून कुलपाची कडी घाला. कडी जाड असली तर ती भोकांत जात नाही, म्हणून पाऊच दुकानात सोबत न्या.

लाल वाट : अंबरखान्यातलं धान्य

पन्हाळ्याचा अंबरखाना म्हणजे गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन धान्यकोठारांचा. इथं वजनाचं कोडं शोभतं.

कापडाच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या, आतलं न दिसणाऱ्या पाच थैल्या घ्या. वजनं १००, १५०, २००, २५० आणि ३०० ग्रॅम. प्रत्येकीवर एक आकडा: १०० वर ८, १५० वर २, २०० वर ४, २५० वर ५, ३०० वर ७. चिठ्ठीवर लिहा: ‘आधी सर्वांत जड, मग मधली, मग सर्वांत हलकी.’ उत्तर ७४८. पाचांतून तीन क्रमानं निवडायच्या ६० रीती होतात, त्यामुळे नुसते आकडे बघून कुलूप फिरवत बसणं परवडत नाही.

थैल्यांवर आकड्यांऐवजी अक्षरं लिहून शब्द बनवायचा मोह होतो. तो टाळा. पा, य, पु, स, णं अशी अक्षरं दिसली की चुणचुणीत मूल वजन न करताच पायपुसणं उचलतं आणि तराजू तसाच लटकत राहतो.

थैल्यांत नुसता तांदूळ भरला तर जड थैली मोठी दिसते आणि वजन करायचं कारणच उरत नाही. म्हणून वजन वाळूनं भरा आणि आकार चिरमुऱ्यांनी सारखा करा. चिरमुरे जवळजवळ वजनहीन असतात, पण थैली फुगवतात. आधी वाळू एका छोट्या पिशवीत गाठ मारून घ्या, नाहीतर ती चिरमुऱ्यांतून तळाला सरकते आणि वरून दाबल्यावर कळते. शेवटी किचनच्या काट्यावर प्रत्येक थैली आवरणासकट मोजा. ५० ग्रॅमचा फरक हातानं सांगताना २५० आणि ३०० मध्ये मुलं चुकतात, १०० आणि ३०० मध्ये नाही. हे अंतर त्यासाठीच ठेवलंय.

तराजूला प्लॅस्टिकचा हँगर चालतो, पण दोन्ही टोकांना खाच असलेला. सारख्या मापाच्या दोन वाट्या ३० सेंटिमीटरच्या सुतळ्यांवर टांगा. हँगरचा आकडा पडद्याच्या दांडीला किंवा दाराच्या वरच्या खिळ्याला अडकवा, वाट्या मुलांच्या छातीच्या उंचीवर याव्यात. रिकामा हँगर एका बाजूला झुकत असेल तर हलक्या वाटीला तळातून नाणं चिकटवा. वाट्या जमिनीला किंवा भिंतीला टेकत नाहीत ना, हे थैल्या ठेवून बघा. ‘तराजू खोटं बोलतो’ अशी तक्रार आली की नव्वद टक्के वेळा वाटी कुठंतरी टेकलेली असते.

७४८ नं पाऊच उघडते, आत लाल चकती. तिच्यावर ८.

पिवळी वाट : वर्गाचा तक्ता आणि जाळी

इंग्रजी एबीसीडीची सांकेतिक लिपी उचलून आणायची गरज नाही. आपली वर्णमाला आधीच पाच-पाचच्या वर्गांत बसवलेली आहे. जुन्या करपल्लवीतही हाताच्या खुणेनं वर्ग आणि बोटांनी अक्षर सांगायची पद्धत होती. त्याच तत्त्वावर तक्ता करा. पहिली ओळ क ख ग घ ङ, दुसरी च छ ज झ ञ, तिसरी ट ठ ड ढ ण, चौथी त थ द ध न, पाचवी प फ ब भ म, सहावी य र ल व श, सातवी ष स ह ळ ज्ञ. आधी ओळीचा क्रमांक, मग ओळीतल्या अक्षराचा. म्हणजे ख हा १२ आणि च हा २१.

नमुना म्हणून हेच उदाहरण तक्त्याखाली छापा. क बरोबर ११ असं उदाहरण दिलं तर त्यातून आडवं आधी की उभं आधी हे कळत नाही, आणि निम्मी मुलं उलटं वाचून भलताच शब्द काढतात.

काना, मात्रा, वेलांटी यांना आकडे देऊ नका. ती आकड्याच्या जोडीला हातानं तशीच काढा. निरोप असा: ५५ ला काना, ३२ ला काना, १२ ला काना, ६३ ला दुसरी वेलांटी, थोडी जागा सोडून ५३, १४. म्हणजे ‘माठाखाली बघ’. जोडाक्षरं आणि स्वरानं सुरू होणारे शब्द टाळले की सहा अक्षरांचा निरोप दोन मुलांना पाच-सहा मिनिटांत सुटतो. बारा अक्षरांच्या पुढं गेलात तर ते कोडं न राहता गृहपाठ होतो.

माठ रिकामा करून हॉलमध्ये आणून ठेवा. मुलं तो सरकवणार, कदाचित तिरकाही करणार. त्याच्या तिवईखाली जाळी: पत्रिकेच्या जाडीच्या कार्डात कापलेल्या चार खिडक्या. ती सज्जा कोठीच्या कोपऱ्यात लावलेल्या पत्रावर ठेवली की चारच शब्द दिसतात: ‘चकती’, ‘उशीच्या’, ‘अभ्र्यात’, ‘आहे’.

जाळीचं पत्र स्वतः लिहा. आठ-दहा ओळींचं, किल्लेदाराचं म्हणून, आणि हे चार शब्द वेगवेगळ्या ओळींत वरून खाली याच क्रमानं येतील असं. वर्तमानपत्रातून शब्द शोधत बसू नका, त्यात संध्याकाळ जाते आणि पान दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. चकती आणि उशी यांचा पत्रात संबंध काय, अशी शंका तुम्हालाच येईल. ‘नाण्याची एकेक चकती मोजून ठेवली’, ‘आजारी माणसाच्या उशीच्या खाली’ असं काहीतरी जुळवलं की खपतं. विभक्ती मात्र तीच राहिली पाहिजे.

खिडकी शब्दापेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिमी मोठी ठेवा आणि उंची ओळीच्या दीडपट. देवनागरीत उकार खाली आणि रफार-वेलांटी वर जाते, घट्ट खिडकीत तीच कापली जाते आणि ‘उशीच्या’ चं ‘उशाच्या’ होतं. पत्राची अक्षरं १८ पॉइंटची, दोन ओळींत ऐसपैस अंतर. कार्ड चार प्रकारे ठेवता येतं, म्हणून पत्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक छोटी पिवळी चांदणी आणि जाळीच्याही त्याच कोपऱ्यात तशीच चांदणी काढा. ही खूण नसेल तर मुलं जाळी बाजूला टाकून पत्रच वाचत बसतात.

पिवळ्या चकतीवर ३.

हिरवी वाट : हलगीचा इशारा

सगळी कोडी कागदाची नकोत. निदान एक कानांचं असावं, कारण वाचनात मागं असलेलं मूल तिथं पुढं येतं. ताल कोल्हापूरकरांच्या मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही. मोबाईलवर हलगीचे, किंवा तीही नसेल तर डब्यावरचे ठोके ध्वनिमुद्रित करा: दोन ठोके, चार सेकंद शांतता, पाच ठोके, चार सेकंद शांतता, तीन ठोके. मग दहा सेकंद थांबून पुन्हा तेच, असं सलग दहा वेळा. ठोका सेकंदाला एक, त्याहून जलद नको. सुरुवात कुठून हे कळावं म्हणून प्रत्येक फेरीआधी तुतारीचा किंवा शिट्टीचा एक लांब आवाज घाला. ही खूण नसली की २५३ चं ५३२ किंवा ३२५ होतं.

फोन फ्लाइट मोडवर टाकून खोक्यात ठेवा, स्क्रीन लॉक करा. हॉलमध्ये सहा मुलं बोलत असताना आवाज ऐकू येत नाही, म्हणून हे खोकं तीन दरवाज्याच्या, म्हणजे गॅलरीकडच्या कोपऱ्यात ठेवा. २५३ नं कडीचा मोठा डबा उघडतो. आत हिरवी चकती, तिच्यावर ५, आणि एक फुलपात्र. फुलपात्र दीडशे-दोनशे मिलिलिटरचं. त्याचं काम पुढं आहे.

अंधारबाव

हे कोडं सगळ्यांत जास्त लक्षात राहतं आणि करायला वेळही यालाच लागतो. पाईप म्हणजे विहीर: त्याची भोकं बोटांनी दाबून पाणी ओतलं की तळातली किल्ली चेंडूबरोबर तरंगत वर येते. दीड फुटी पाईपच्या एका टोकाला सोल्युशननं टोपण बसवा आणि रात्रभर वाळू द्या. घाईत पाणी भरलं की टोपण तळातून झिरपतं आणि मग कोडं सुटतच नाही. तळापासून १०, २० आणि ३० सेंटिमीटरवर ६ मिमीची तीन भोकं पाडा, प्रत्येक वेगळ्या बाजूला. भोकांच्या कडा पॉलिशपेपरनं आतून-बाहेरून घासा, मुलांची बोटं त्यावर दाबली जाणार आहेत.

टेबल टेनिसचा चेंडू ४० मिमीचा असतो आणि या पाईपचा आतला व्यास त्याहून थोडाच जास्त, साधारण ४५ मिमी. पाईप घेताना चेंडू खिशात न्या आणि आरपार सोडून बघा. चेंडूला भोक पाडायचं नाही. लसणाच्या पातळ जाळीत तो घट्ट गुंडाळून खाली गाठ मारा आणि गाठीला पाच सेंटिमीटरच्या दोऱ्यानं किल्ली लटकवा. चेंडू जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा असतो आणि तीस ग्रॅमच्या आसपास ओझं पेलतो. छोट्या कुलपाची एकटी किल्ली चालते, पण तिच्यासोबतचा पितळी लोलक किंवा जाड कडं ठेवू नका. किल्ली चेंडूच्या वर चिकटवली तर चेंडू पाण्यात उलटतो आणि ती पाईपच्या भिंतीला अडकते. लटकती ठेवली की चेंडू सरळ वर येतो.

पाईप गॅलरीच्या कठड्याला किंवा खिडकीच्या गजाला दोन जागी तारेनं पक्का बांधा. न बांधलेला पाईप मुलं दहा सेकंदांत उलटा करतात आणि किल्ली बाहेर पडते. खाली घमेलं, शेजारी अर्धी बादली पाणी, बादलीवर झाकण आणि झाकणावर लाल-पिवळे-हिरवे तीन ठिपके. सांगायचा नियम एकच: तिन्ही चकत्या मिळाल्यावर झाकण उघडायचं. सगळी भोकं बंद असली तर पाऊण लिटरच्या आत किल्ली वर येते, म्हणजे चार-पाच फुलपात्रं. एक भोक मोकळं राहिलं तरी पाणी पातळी धरत नाही. तीन भोकांना तिघं, एक पाणी ओतणारा, एक भरून देणारा, एक वर डोकावून किल्ली पकडणारा. सहाही जण कामाला.

फुलपात्राऐवजी मोठा तांब्या दिला तर जोरात ओतून भोकं उघडी असतानाही किल्ली वर उसळू शकते. म्हणून लहानच भांडं. आणि हे कोडं हॉलमध्ये करू नका. फरशी ओली झाली की घसरण्याचा धोका, त्यात जुलै असेल तर वाळणारही नाही. पायाखाली गोणपाट टाका.

किल्लीनं ट्रंकेची एक कडी उघडते. दुसरीसाठी कुलपाच्या वर ट्रंकेवर तीन ठिपके काढलेले: पिवळा, लाल, हिरवा. म्हणजे ३८५. ठिपके मोठे काढा, आणि कुलपाचे आकडे वाचण्याच्या दिशेनंच. कुलूप उलटं लोंबत असेल तर क्रम उलटा होतो. हे ट्रंकेसमोर स्वतः उकिडवं बसून तपासा.

बदलून वापरता येतील अशी कोडी

लिंबाच्या रसाची अदृश्य शाई सगळ्यांना आठवते, पण ती दिसायला उष्णता लागते. मेणबत्ती मुलांच्या हातात द्यायची नाही, आणि इस्त्री मोठ्या माणसानं फिरवायची म्हणजे कोडं मोठ्या माणसानं सोडवलं. त्याऐवजी पांढऱ्या मेणखडूनं पांढऱ्या कागदावर लिहा आणि मुलांना पातळ जलरंग व ब्रश द्या. मेण रंग धरत नाही, अक्षरं पांढरी राहतात. कागद चकचकीत नको आणि खडू जोर देऊन फिरवा.

थोडं नाट्य हवं असेल तर हळद. एक चमचा खायचा सोडा दोन मोठे चमचे पाण्यात ढवळून कापसाच्या काडीनं लिहा आणि पूर्ण वाळू द्या. हळद सॅनिटायझरमध्ये कालवून ब्रशनं फिरवली की कागद पिवळा आणि अक्षरं तांबूस होतात. नुसत्या पाण्यात हळदीचा रंग नीट उतरत नाही, म्हणून सॅनिटायझर. जवळ दिवा किंवा उदबत्ती नको, ते पेट घेतं. चुन्यानं रंग जास्त लाल येतो, पण चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, तेव्हा तो विचार सोडा. हळदीचे डाग कपड्यांवरून निघत नाहीत, हे आयांना आधी सांगा.

अदृश्य पेन आणि त्याच्या टोपणातला जांभळा दिवा मुलांना प्रचंड आवडतो. त्यात बटणासारखे सेल असतात. घरात तीन-चार वर्षांचं भावंड असेल तर हे पेन आणूच नका, गिळलेला सेल अन्ननलिकेला इजा करतो. आणलंच तर सेलचं झाकण टेपनं बंद करा आणि खेळानंतर मोजून परत घ्या.

आरशातल्या अक्षरांचं कोडं लहानांना ठीक. पातळ कागदावर लिहिलं तर मुलं तो उलटा करून उजेडात धरतात, पुठ्ठ्यावर लिहा.

पाच ते सात वयोगटाला वर्गाचा तक्ता जड जातो. त्यांना अक्षरांऐवजी चित्रं द्या आणि थैल्या तीनच, वजनं १००, ३००, ५०० ग्रॅम. बारा-तेराच्या मुलांसाठी उलट, तक्ता देऊच नका, फक्त ‘ख १२, च २१, ठ ३२’ एवढं द्या. बाकीचा तक्ता ती स्वतः बांधतात आणि त्यातच त्यांना मजा येते.

चाचणी, मदत आणि खेळाचा दिवस

खेळाला न येणारी दोन मुलं चाचणीसाठी बोलवा. प्रत्येक कोडं समोर ठेवा आणि तोंड बंद ठेवा. ‘अरे, नीट बघ’ असं एकदा जरी म्हणालात तरी चाचणी फुकट गेली. मूल काय करतं त्यापेक्षा ते कुठं थांबतं ते टिपा. तुम्हाला तीन मिनिटं लागलेल्या कोड्याला मुलांची आठ-दहा मिनिटं धरा. एका कोड्यावर बारा मिनिटांच्या वर गेलं तर खूण वाढवा. कोडं बदलायची गरज सहसा पडत नाही.

खोलीत मुलं सगळं उघडणार: कपाट, टीव्हीमागं, पंख्याचं बटण. म्हणून जे खेळाबाहेर त्यावर लाल टेपची फुली मारा आणि सुरुवातीलाच दाखवा. देवघर, स्वयंपाकघर, विजेचे बोर्ड फुलीत. उंचावर काहीही लपवायचं नाही. खुर्चीवर चढावं लागेल अशी जागा म्हणजे आराखड्यातली चूक. फसव्या चिठ्ठ्याही नकोत. घरात पसाराच इतका असतो की वेगळा चकवा लागत नाही.

मदतीसाठी एक मोठं माणूस हेर म्हणून बसवा. एखादी जोडी चार मिनिटं जागची हलली नाही तर त्यानं पुढं व्हायचं. आधी फक्त जागा दाखवायची, मग काय करायचं ते, आणि तरीही अडलं तर उत्तर. मदतीबद्दल वेळ कापणं, गुण कमी करणं असले प्रकार नकोत. त्यानं मुलं मदत मागायचीच बंद होतात. एक जोडी लवकर संपवून आली तर तिला दुसऱ्यांच्या कोड्यावर सोडू नका, अंधारबावेची जागा तयार करायला पाठवा.

पावसाळ्यात कागद सादळतो. तक्ता, पत्र आणि चिठ्ठ्या लॅमिनेट करा किंवा पारदर्शक फोल्डरमध्ये घाला, आणि प्रत्येकाची एक जादा प्रत हेराच्या खिशात ठेवा. वीज गेली तरी खेळ थांबू नये म्हणून एकही कोडं पंखा, टीव्ही किंवा वायफायवर अवलंबून ठेवलेलं नाही. फोनचं चार्जिंग मात्र तपासा.

ट्रंकेत खाऊ ठेवणार असाल तर सहा सारख्या पुड्या करा. एकच मोठा पुडा ठेवला तर पुढची पंधरा मिनिटं वाटणीच्या भांडणात जातात.

दुसरी तुकडी खेळणार असेल तर मांडणी परत लावायला वीस मिनिटं धरा आणि ट्रंकेपासून उलट क्रमानं लावत या. पाईप रिकामा करून चेंडू सोडताना किल्ली बांधलेली आहे ना, ते बघा. पहिल्या तुकडीतली मुलं जिन्यातच उत्तरं सांगून टाकतात. त्यामुळे चकत्यांचे आकडे, थैल्यांवरची लेबलं, हलगीचे ठोके आणि तीन कुलपांचे नंबर बदला. ट्रंकेवरच्या ठिपक्यांचा क्रम बदलला नाही तरी चालतं. बदललेले नंबर कागदावर लिहून त्याचा फोटो काढून ठेवा, आणि तो फोन हलगीच्या खोक्यातला नसावा.